इमॅजिका सुरूच राहिलं, मग मालक का बदलला?

खालापूर तालुक्यातल्या इमॅजिकाचे फोटो तुमच्या फीडवर येतच असतील. पण हे पार्क कर्जामुळे दुसऱ्याच्या हाती गेलं, हे माहीत आहे का?

सुरुवात कोणी केली?
‘अ‍ॅडलॅब्स’चे संस्थापक मनमोहन शेट्टी यांनी. २००५ मध्ये अ‍ॅडलॅब्सचा मोठा हिस्सा अनिल अंबानींच्या समूहाने घेतला. त्यानंतर शेट्टी थीम पार्ककडे वळले आणि २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं.

घोडं कुठे अडलं?
कर्जात. अशा पार्कमध्ये राइड्सचा खर्च आधी होतो, तिकिटाचे पैसे हळूहळू येतात. सुट्टीला गर्दी, एरवी शुकशुकाट. व्याज मात्र रोज चढतं. कंपनी २०१५ मध्ये शेअर बाजारात आली, तरी ओझं उतरलं नाही. त्यात २०२० मध्ये कोविडने गेट बंद केलं.

मग काय झालं?
२०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने सुमारे ६६ टक्के हिस्सा घेतला. ‘गाय छाप’ जर्दावाला हा समूह लोणावळा आणि शिर्डीत आधीच वॉटर पार्क चालवत होता. कंपनीने त्यांना नवे शेअर दिले. त्यामुळे पैसा थेट कंपनीत आला आणि कर्ज फेडायला वापरता आला. कर्ज देणाऱ्यांनीही थकबाकीचा काही भाग सोडला.

यात नव्या उद्योजकासाठी काय?
गुंतवणूकदार नफ्यात वाटा मागतो, तोटा झाला तर तोही सोसतो. कर्जाचा हप्ता मात्र गेट बंद असलं तरी भरावाच लागतो. म्हणून कल्पना चांगली असणं पुरेसं नाही. ती कोणाच्या पैशावर उभी आहे, हेही तितकंच महत्त्वाचं.