आजींचा किल्ला आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या इमारतीच्या अंगणात मुलांनी नेहमीप्रमाणे किल्ला बांधायला घेतला. माती आली, विटा आल्या, फाटकी पोती आली आणि त्यांच्यामागोमाग भांडणेही आली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे मन मात्र थाऱ्यावर नव्हते. या अंगणातला एकही किल्ला त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुरा झाला नव्हता. आता गुडघे साथ देईनात, इमारतीला लिफ्ट नाही, आणि त्यांच्या खिडकीतून दिसतो तो फक्त मागचा बोळ!

“मोबाइलवर दाखवू की,” चिरंजीव म्हणाले.

“तो टीचभर पडदा मला दिसायचा नाही. आणि दिवसभर खाली तो धरून उभा कोण राहणार?” आजींनी विचारले.

प्रश्न बिनतोड होता. तो सोडवला नववीतल्या नातवाने. “आजी, तुझ्या टीव्हीवरच दाखवतो,” असे म्हणून त्याने कपाटातून एक हिरवी पाटी काढली. साडेआठ सेंटिमीटर लांब, साडेपाच सेंटिमीटर रुंद. म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढी. तिला ना पडदा, ना कळफलक. पण वाचकहो, तो पुरता संगणक होता! त्याचे नाव ‘रास्पबेरी पाय’.

या पाटीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणारी मुले २००० नंतरच्या वर्षांत घटत चालली होती, आणि जी येत त्यांना पूर्वीच्या मुलांइतके हाताने काही करता येत नसे. तिथे शिकवणारे ईबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांना कारण उमगले. १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाचे बटण दाबले की तो आज्ञेची वाट पाहत बसे. मुलाला काहीतरी लिहावेच लागे. पुढचे संगणक महाग झाले, बंद पेटीत गेले, आणि मुले नुसती बघ्याची झाली. तेव्हा बिघडला तरी घरचे रागावणार नाहीत इतका स्वस्त संगणक मुलांच्या हाती द्यावा, असे या मंडळींनी ठरवले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलरला विक्रीस आला, आणि पहिल्याच दिवशी विक्रेत्यांच्या वेबसाइट गर्दीने कोलमडल्या. आपल्याकडे दिवाळी अंकाबरोबर दिनदर्शिका भेट मिळते. २०१५च्या अखेरीस इंग्लंडातल्या ‘मॅगपाय’ मासिकाने आपल्या मुखपृष्ठावर याचा धाकटा भाऊ, ५ डॉलरचा ‘पाय झीरो’, चिकटवून फुकट वाटला!

पण एवढीशी पाटी चालते चित्र कसे दाखवते? थोडा हिशेब करू. टीव्हीवरच्या उत्तम चित्रात सुमारे वीस लाख ठिपके असतात. सेकंदाला अशी पंचवीस चित्रे, म्हणजे पाच कोटींहून अधिक ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला चोवीस बिट. एकूण सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट! एवढा ओघ घरच्या वायफायला झेपणे कठीण. म्हणून कॅमेरा युक्ती करतो. गावाहून येणारे पत्र आठवा: पहिल्या पत्रात सगळी हकीकत, पुढच्या पत्रांत जेवढे बदलले तेवढेच, आणि शेवटी ‘बाकी सर्व पूर्ववत’. कॅमेराही तेच करतो. एक पूर्ण चित्र पाठवतो, आणि मग काही काळ फक्त बदल. किल्ला जागचा हलत नाही. हलतात ती मुले. त्यामुळे सेकंदाला चाळीसेक लाख बिटांत काम भागते.

हे त्रोटक पत्र उलगडून पुन्हा पूर्ण चित्र उभे करणे हेच खरे कष्टाचे काम. पहिल्या पायचा मुख्य मेंदू त्यापुढे तोकडा पडला असता. पण अप्टन ज्या ब्रॉडकॉम कंपनीत नोकरीस होते, तिची चित्रफिती दाखवण्यासाठी बनवलेली चिप त्यात बसवली होती. चिपच्या एका भागाला उलगडण्याचेच काम नेमून दिलेले. शिकण्यासाठी केलेल्या पाटीला दूरचे दाखवण्याचे अंग असे आयतेच लाभले.

आमच्या नातवाने पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सज्जात कॅमेरा टांगला. तिथवर वायफाय पोहोचेना, म्हणून जिन्यातून तार ओढली. पाटीला एक मेमरी कार्ड, पाच व्होल्टचा चार्जर आणि टीव्हीची केबल जोडली. वीज आली की कॅमेऱ्याचा पत्ता आपणहून शोधून चित्र लावावे, अशी आज्ञा कार्डावर लिहून ठेवली. आजींना एकही बटण दाबायचे नव्हते.

सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी वीज गेली, नेमके त्याच वेळी कार्डावर काहीतरी लिहिले जात होते, आणि कार्ड बिघडले. पोराने तासाभरात नवे कार्ड तयार केले, आणि चालू असताना त्यावर काही लिहिलेच जाणार नाही अशी व्यवस्था केली. शिवाय दोन गोष्टी त्याने कुणी न सांगता केल्या. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला, आणि खालच्या मुलांच्या आईवडिलांना विचारून कॅमेऱ्याचा डोळा फक्त किल्ल्यावर रोखला. पाहणे आणि पाळत ठेवणे यांत अंतर आहे, हे घरात कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

गंमत अशी की असे दूरून पाहणेही केंब्रिजच्याच संगणक प्रयोगशाळेत सुरू झाले होते. तिथे कॉफीचे भांडे एक आणि पिणारे अनेक. जिने चढून यावे तो भांडे रिकामे! म्हणून १९९१ साली संशोधकांनी भांड्यावर कॅमेरा रोखला, तो ‘आर्किमिडीज’ नावाच्या संगणकाला जोडला, आणि आपापल्या टेबलावरून कॉफी आहे की संपली ते पाहू लागले. १९९३मध्ये ते भांडे वेबवर आले आणि जगभरच्या लोकांनी ते पाहिले. २००१ साली कॅमेरा बंद झाला. त्या आर्किमिडीजमधला एआरएम प्रोसेसर केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीने घडवलेला. आणि त्याच घराण्याचा प्रोसेसर आज आजींच्या टीव्हीमागच्या पाटीत बसला आहे.

नरकचतुर्दशीला सकाळी फराळाची ताटे घेऊन आम्ही वर गेलो, तो आजी टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसलेल्या. चित्र दीड-दोन सेकंद मागे होते. त्यांना त्याचे काय! फोनवरून त्या खालच्या सैन्याला बजावत होत्या, “अरे, डावीकडचा बुरूज कललाय. ओली माती लाव. आणि अळीव त्या उतारावर पेरायला हवे होते रे!” खाली लगबग उडाली. क्षणभराने बुरूज टीव्हीवर सरळ झाला.

मुले नुसती बघ्याची होऊ नयेत म्हणून ही पाटी जन्माला आली. आमच्याकडे तिने नातवाला कामाला लावलेच. पण जिना उतरू न शकणाऱ्या आजींनाही तिने बघ्याची राहू दिले नाही.

यंदाच्या किल्ल्याचा नकाशा आजींनीच काढला आहे.