वास गेला की...

झाकण सरकवलं की तो आधी दोन पावलं मागं सरतो. डोळे बारीक करतो, नाक मात्र झाकत नाही. परभणीत मैला उपसणाऱ्या गाडीवर पाइप धरणारा हा चाळिशीतला माणूस तोंडाला फडकं बांधत नाही, त्याला कारण आहे.

“वास येतोय तवर भेव नाही, दादा. वास गेला की भेव.”

त्याचं निम्मं म्हणणं तंतोतंत खरं आहे. सेप्टिक टँकमध्ये कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच सडक्या अंड्याचा वास. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच मरते. माणसाला वाटतं, हवा मोकळी झाली. पाचशे-सातशे भागांवर काही मिनिटांत शुद्ध जाते, हजारावर एक-दोन श्वासांत. निम्मं म्हणणं मात्र खोटं आहे: वास येत असतानाही फुप्फुसं आणि डोळे भाजत असतात. त्याचे डोळे लालच असतात. गाडीचा धूर लागतो, म्हणतो.

सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात ११ मे २०२३ रोजी सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. बहुतेक एकमेकांच्या नात्यातले. “पाच,” तो पंजा उघडून दाखवतो. “एका टाकीत पाच.” पाइप जोडताना, गाडीचा पंप सुरू होण्याची वाट बघताना, चहा पिताना तो पंजा पुन्हा उघडतो.

एका टाकीत पाच कसे जातात, हे कळण्यासाठी टाकीच्या तोंडाशी उभं राहावं लागतं. तोंड जेमतेम दोन फुटांचं. आत उतरलेला माणूस कोसळतो तेव्हा वरच्याला तो घसरून पडल्यासारखा दिसतो. भाऊ, पुतण्या, मेहुणा, जो कुणी वर असेल तो दोरीची वाट न बघता उडी घेतो. बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले होते, असं अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेनं १९८६ सालीच नोंदवलं आहे. त्यांना त्यांच्या मायेनं मारलं, असं म्हणणं सोपं आहे. मारलं ते दोरी, वायुमापक आणि प्राणवायूची नळी न देता उतरवणाऱ्यानं.

गाडीचं काम तसं साधं: पाइप सोडायचा, पंप चालू करायचा, पातळ मैला टाकीतून गाडीत. अडतं ते तळाशी. वर्षानुवर्षं न उपसलेल्या टाकीत घट्ट गाळ बसतो, तो पाइपात चढत नाही. मालक म्हणतो, “एवढ्यासाठी परत गाडी कशाला? उतर की जरा.” खरा घात इथं आहे. गाळात फावडं घातलं की आत कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो. संडासात ओतलेलं अ‍ॅसिड त्या गाळात भिनलं तर आणखी. झाकण रात्रभर उघडं ठेवूनही भागत नाही, कारण हा वायू हवेपेक्षा जड, तळाशीच बसतो. काडी पेटवून बघणं तर भलतंच: काडीला हायड्रोजन सल्फाइड ओळखता येत नाही आणि मिथेन असला तर भडका उडतो.

कायदा यावर गप्प नाही. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. ती मिळते माणूस गेल्यावर.

एके दिवशी तळाशी असाच वीतभर गाळ उरला. मालकानं टाकीकडे बोट दाखवलं. पाइपवाल्यानं मान हलवली, पंजा उघडला आणि पाण्याची नळी मागितली. पाणी जोरानं मारून गाळ पातळ केला, परत पंप लावला. पाऊण तास जास्त लागला आणि दुसऱ्या खेपेचे पैसे.

आपल्या घरची टाकी भरली असेल तर ते पैसे द्या. माणूस उतरवू नका.