आडनावांचे अर्थ आणि नोंदवहीची लेखणी

इटालियन आडनावांचे अर्थ पाहू लागले, म्हणजे मराठी वाचकास परक्या गावी ओळखीची माणसे भेटावीत तसे वाटते. ‘फेर्रो’ म्हणजे लोखंड. त्यावरून आलेले फेर्रारी म्हणजे आपले लोहारे. कलावंतांची चरित्रे लिहिणारा जॉर्जो वासारी याचे आडनाव मातीची भांडी घडविण्याच्या घरच्या धंद्यावरून पडले. तो विदर्भातील कुंभाऱ्यांच्या पंक्तीस बसतो. रोस्सी म्हणजे तांबडे, बियांकी म्हणजे पांढरे, नेरी म्हणजे काळे. लिओनार्दो दा विंची हा विंची गावचा. आपल्याकडे तो विंचीकर झाला असता.

हे साम्य अर्थापुरतेच नाही. ‘रोस्सो’ या एकवचनाचे अनेकवचन ‘रोस्सी’; ‘काळा’ याचे ‘काळे’. मराठीत या एकारास आदराचीही छटा आहे. तथापि दोन्हीकडे आडनाव एकट्याचे नसून कुळाचे असते, हे शेवटचा स्वरच सुचवितो.

टोपणनाव बोलण्यात बदलत राहते. लेखणी त्यास स्थिर करते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांच्या व बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला, आणि इटलीतील कुलनावे दृढ होण्यास त्यामुळे मोठे साहाय्य झाले. लेखणीचे हे सामर्थ्य एस्पोसितो या नावात दिसते. त्याचा मूळ अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. नेपल्समध्ये टाकून दिलेल्या अर्भकांस ते नाव देत. नोंदीपुरता योजलेला तो शब्द वंशजांस चिकटला, आणि आज ते त्या प्रदेशातील अत्यंत प्रचलित आडनाव आहे.

पांढुर्णा आणि सौंसर येथील शिक्षकांस या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला व हे मराठी भाषकांचे तालुके मध्यप्रदेशात राहिले; २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी व दफ्तरात हिंदी अशी येथील स्थिती आहे. हिंदीच्या नित्य लेखनात ळकार नाही. त्यामुळे पिंपळकर हे ‘पिंपलकर’ होतात, गवळी हे ‘गवली’ होतात, आणि मुळे हे ‘मुले’ झाले म्हणजे मराठी वाचकास तेथे बालके दिसू लागतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पण दाखल्यावरील अक्षर गुणपत्रिकेवर जाते, तेथून पुढील पिढीच्या दाखल्यावर, आणि अखेरीस घरातील उच्चारही त्याच्या मागे जातो.

म्हणून आमची सूचना इतकीच, की मुलाचे नाव दाखल करून घेताना शिक्षकांनी पालकास आडनाव स्पष्ट उच्चारावयास सांगावे आणि ते ऐकले तसे लिहावे. वडिलांच्या कागदपत्रांत निराळे अक्षर असल्यास तेही त्याच वेळी पालकाच्या नजरेस आणावे. ळ हा देवनागरीचाच वर्ण आहे. तो लिहिण्यास निराळी लिपी लागत नाही.