सात बाइटांचा नकार

पावसाळ्यात मालवणच्या बाजारपेठेत एखाद्या दुकानाचा बिलांचा प्रोग्राम अडकला की पहिला संशय लाइनवर जातो, आणि त्यात गैर काही नाही. वारा सुटतो, माडाची झावळी तारेवर पडते, अर्धं गाव अंधारात जातं. पण कधीकधी लाइन शाबूत असते. मोबाइलवर निरोप येत-जात असतात, बँकेचं संकेतस्थळ उघडतं, आणि एकट्या हिशेबाच्या प्रोग्रामवर ओळ उमटते : डेटाबेसशी सुरक्षित जोडणी करता आली नाही. पासवर्ड तोच, कॉम्प्युटर तोच. ‘काल बरा चलत होता, आज काय झाला ह्येका?’ असं दुकानदार विचारतो.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. त्या कॉम्प्युटरला आज काहीच झालेलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत काही झालेलं नाही, आणि जोडणी तुटली ती त्यामुळेच. बदललं ते दुसरं टोक.

हे दुसरं टोक बहुधा दूर कुठेतरी असतं, समजा नवी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. मालवणहून रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हे अंतर तो अडीच मिलिसेकंदांत कापतो. मधल्या यंत्रांमध्ये आणखी थोडा वेळ जातो. तरीही पापणी लवायच्या आत दोन्ही यंत्रांची बरीच बोलणी होऊन जातात. पासवर्डचा नंबर यायच्या आधी एक वेगळाच संवाद घडतो, त्याला हँडशेक म्हणतात. आपली जोडणी नेमकी तिथे अडलेली असते.

प्रत्येक डेटाबेसची सुरुवात करण्याची तऱ्हा निराळी. पोस्टग्रेसच्या बाबतीत ग्राहक-यंत्र आधी फक्त ८ बाइट पाठवतं. त्यातल्या चार बाइटांत ८०८७७१०३ हा ठरलेला आकडा असतो, आणि त्याचा अर्थ एवढाच : गुप्तपणे बोलायचं का? सर्व्हर एका अक्षराने उत्तर देतो. ‘एस’ म्हणजे हो, ‘एन’ म्हणजे नाही. मायएसक्यूएलमध्ये सर्व्हर आधी उघड नमस्कार करतो आणि मग ग्राहक गुप्ततेची मागणी करतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची गोष्ट आणखी मजेची आहे. तुम्ही एन्क्रिप्शन मागितलेलं नसलं, तरी नाव आणि पासवर्ड असलेलं लॉगिनचं पाकीट तो कूटबद्ध केल्याशिवाय घेत नाही. ‘आम्ही सुरक्षित जोडणी लावलेलीच नाही, मग तिच्यात दोष कसा?’ असं बुचकळ्यात पडलेल्यांना हे एक वाक्य सांगितलं की गाठ सुटते.

यानंतर जे होतं ते मला आजही थक्क करतं. एकमेकांना कधीही न भेटलेली दोन यंत्रं, सगळ्यांच्या कानांदेखत, एक गुपित ठरवतात. हे शक्य आहे हे व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली जगाला दाखवून दिलं. कागद-पेन्सिल घेतलीत तर तुम्हालाही करून बघता येईल. दोघांनी आधी उघडपणे ५ आणि २३ हे आकडे ठरवायचे. मालवणचं यंत्र मनात ३ धरतं, ५ चा तिसरा घात काढतं, १२५, आणि त्याला २३ ने भागून उरलेली बाकी सांगतं : १०. मुंबईचं यंत्र मनात ७ धरतं. ५ चा सातवा घात ७८,१२५, आणि २३ ने भागल्यावर बाकी १७. आता वाटेवर ऐकणाऱ्याला ५, २३, १० आणि १७ असे चारही आकडे माहीत झाले. मालवण १७ चा तिसरा घात काढून २३ ने भागतं आणि बाकी उरते १४. मुंबई १० चा सातवा घात काढून २३ ने भागते आणि तिचीही बाकी १४. हा १४ तारेवरून कधी गेलाच नाही, तरी दोन्हीकडे उगवला.

इतक्या लहान आकड्यांत ३ आणि ७ हुडकणं शाळकरी मुलालाही जमेल. खऱ्या व्यवहारात या जातीचे आकडे ६१७ अंकी असतात (हल्ली बहुतेक वेळा वक्ररेषांचं आणखी आटोपशीर गणित वापरतात), आणि मनातला आकडा शोधून काढायची व्यवहार्य रीत आजच्या कोणत्याही कॉम्प्युटरला ठाऊक नाही. हे सगळं एका बिलासाठी, काही शेकडा मिलिसेकंदांच्या आत. विजेच्या दिव्यासारखं आपण ते गृहीत धरतो याचं मला वाईट वाटतं.

पण गणित पक्कं असलं म्हणून भागत नाही. ते कसं वापरायचं, कोणत्या क्रमाने, कोणत्या पद्धतीने मजकूर बांधायचा, याचे नियम ठरवावे लागतात. तो नियमांचा संच म्हणजे प्रोटोकॉल. त्याचं घराणं असं : नेटस्केप कंपनीचं एसएसएल २.० आलं १९९५ मध्ये, ३.० पुढच्याच वर्षी. जानेवारी १९९९ मध्ये टीएलएस १.० हे नाव मिळालं, २००६ मध्ये १.१, २००८ मध्ये १.२ आणि २०१८ मध्ये १.३. दुकानातला जुना प्रोग्राम ज्या ड्रायव्हरमार्फत डेटाबेसशी बोलतो, त्याला पुष्कळदा यातलं १९९९ सालचंच येत असतं.

मग १९९९ चं काय बिघडलं? हे समजायला मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तरी पुरे. समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो, त्याचा दरवाजा दिसत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी बांधकामाला हात घातलेल्या या किल्ल्याचं प्रवेशद्वार बुरुजांच्या वळणात असं दडवलेलं आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत पत्ता लागू नये. भोवती पाण्याखाली खडक, त्यांतून वाट माहीत असलेल्यालाच मिळणार. त्या काळच्या शत्रूला पुरून उरेल असा हा विचार होता. तरीही १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव देऊन टाकलं. तट शंभर वर्षांपूर्वीचाच होता. समोर आलेलं आरमार शंभर वर्षांनी पुढचं होतं. प्रोटोकॉल म्हातारा होतो तो असा. त्याची झीज होत नाही, हल्ला करणारे शिकत जातात.

टीएलएस १.० मध्ये मजकूर तुकड्या-तुकड्यांनी कूटबद्ध होई, आणि एका पाकिटाचा शेवटचा तुकडा पुढच्या पाकिटाची सुरुवात ठरवी. म्हणजे पुढची सुरुवात ऐकणाऱ्याला आधीच कळलेली. ही फट तज्ज्ञांच्या लक्षात आली होती आणि १.१ मध्ये ती बुजवलीही होती. पण ‘चाललंय ना’ म्हणून जग जुन्यावरच राहिलं. २०११ मध्ये थाई डुओंग आणि हुलियानो रिझो या दोघांनी ‘बीस्ट’ नावाचा हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला. औषध आलं २००६ मध्ये, आजाराचं जाहीर दर्शन झालं पाच वर्षांनी! २०१४ च्या ऑक्टोबरात गूगलच्या संशोधकांनी ‘पूडल’ मांडला. त्यातली युक्ती जास्त अस्वस्थ करणारी होती. हल्लेखोराने नव्या प्रोटोकॉलची जोडणी मुद्दाम मोडायची; बिचारा ब्राउझर मोठ्या मनाने एक-एक पायरी खाली उतरत थेट एसएसएल ३.० वर यायचा, आणि तिथे सापडायचा. २०१६ मध्ये कार्तिकेयन भार्गवन आणि गाएताँ लोरां यांनी दाखवलं, की हँडशेकची शहानिशा करायला वापरलेल्या एमडी५ सारख्या जुन्या पद्धतीही आता भरवशाच्या नाहीत.

एवढं झाल्यावर दारं बंद होऊ लागली. कार्डाने पैसे घेणाऱ्यांच्या सुरक्षा-नियमावलीने जुन्या प्रोटोकॉलला ३० जून २०१८ ही मुदत दिली. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीने २०२० मध्ये किमान पातळी १.२ केली. मार्च २०२१ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १.० आणि १.१ औपचारिकपणे निकालात काढले. कित्येक प्रोग्राम ज्यावर चालतात त्या जावानेही त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या अपडेटमध्ये ते बंद केले आणि जानेवारी २०२२ मध्ये मायएसक्यूएलने ते मुळातूनच काढून टाकले. कुठल्या तरी रात्री सर्व्हरवर असा एखादा अपडेट बसतो आणि सकाळी मालवणात बिल निघत नाही.

नकार कसा येतो, तेही पाहण्यासारखं आहे. जुनं यंत्र पहिल्याच निरोपात सांगतं, मला ३,१ पर्यंत येतं. (टीएलएस १.० स्वतःला तारेवर ३,१ असं लिहितं, कारण ते एसएसएल ३.० चं अपत्य. त्याच हिशेबाने १.२ म्हणजे ३,३.) सर्व्हर उत्तरादाखल ७ बाइट धाडतो. पहिल्या पाचांत ‘हा इशारा आहे’ एवढी प्रस्तावना, सहावा सांगतो की मामला गंभीर आहे, आणि सातव्यात ७० हा आकडा : तुमची आवृत्ती चालणार नाही. इतकं स्वच्छ उत्तर! दुर्दैव असं, की कित्येक सर्व्हर तेवढंही न बोलता जोडणी तोडून टाकतात, आणि विंडोजवर ‘समोरच्याने जोडणी बळाने बंद केली’ असा १००५४ क्रमांकाचा दोष दिसतो. मग माणूस केबल बदलतो, राउटर बदलतो, फायरवॉलला दोष देतो.

म्हणून शोध कुठून सुरू करावा? पासवर्डपासून. ‘पासवर्ड चुकला’ असा संदेश आला, एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेत १८४५६, तर ती आनंदाची बातमी समजा. हँडशेक पार पडलेला आहे, तुम्ही दाराच्या आत आहात. जोडणी नुसतीच ताटकळत राहून वेळ संपला, तर वाट बंद आहे. १४३३, ३३०६ किंवा ५४३२ हा तुमच्या डेटाबेसचा पोर्ट उघडा आहे का ते बघा. पण पोर्ट लगेच उघडतो आणि क्षणात सगळं तुटतं, असं असेल तर प्रोटोकॉलवर संशय घ्या. जावाच्या नोंदीत ‘योग्य प्रोटोकॉल नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर शंकाच नको. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असेल, तर ओपनएसएसएल नावाचं फुकट साधन इथे फार उपयोगी पडतं. त्याला सांगायचं, या सर्व्हरशी फक्त १.२ ने बोल, मग फक्त १.० ने बोल. कुठे दार उघडतं, कुठे नाही, ते समोर येतं. जी यंत्रं अजून जोडली जातात त्यांचंही डेटाबेसला विचारता येतं. पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-एसएसएल हा तक्ता प्रत्येक जोडणीची आवृत्ती दाखवतो. सर्व्हर बदलायच्या आधी तो पाहिला, तर उद्या कोण बाहेर राहणार हे आजच कळतं.

नकार उलट दिशेनेही येतो, हे ध्यानात ठेवा. नवा लॅपटॉप, नवा जावा, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला २००८ सालचा एसक्यूएल सर्व्हर. इथे हात मागे घेतो तो ग्राहक. त्या सर्व्हरला योग्य अपडेट दिल्याशिवाय १.२ येत नाही. २०१६ पासूनच्या आवृत्त्यांना ते जन्मतःच येतं. विंडोज ७ चीही अशीच गंमत आहे. १.२ त्याच्या आत असतं, पण मुळात बंद ठेवलेलं. पुष्कळदा नवा ड्रायव्हर बसवून आणि ते चालू करून काम भागतं. पण त्या विंडोजचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आहे, तेव्हा खरा उपाय यंत्र बदलणं हाच.

आणि एक चोरवाट आहे. जावाच्या सुरक्षा-फाइलमध्ये बंद केलेल्या प्रोटोकॉलची यादी असते; तिच्यातून जुनी नावं खोडली की जोडणी पुन्हा सुरू होते. दोन मिनिटांचं काम, म्हणून हा सल्ला सगळीकडे मिळतो. माझं मत स्पष्ट आहे : गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना, दोन दिवसांपुरतं, दुरुस्तीची तारीख लिहून ठेवून, आणि तो सर्व्हर उघड्या इंटरनेटवर नसेल तरच. एरवी नाही. त्या तारेवरून लोकांचे पत्ते, फोन क्रमांक आणि पैशांचे व्यवहार जातात, आणि ते आपले नसतात.

टीएलएस १.३ घडवणारे या सगळ्या अनुभवातून काय शिकले, ते वाचताना मला आदर वाटतो. वाटेवरची जुनी यंत्रं अनोळखी आवृत्ती दिसली की जोडणीच टाकून देत, म्हणून १.३ पहिल्या निरोपात आपल्याला ३,३ च म्हणवून घेतं आणि खरी ओळख आत एका पुरवणीत देतं. शिवाय नव्या सर्व्हरला नाइलाजाने खालच्या पायरीवर उतरावं लागलं, तर तो आपल्या यादृच्छिक आकड्याच्या शेवटच्या ८ बाइटांत एक खूण पेरतो : पहिल्या सातांत ‘डाउनग्रेड’ या शब्दाची संक्षिप्त इंग्रजी अक्षरं, आठव्यात किती खाली उतरलो ते. नवा ग्राहक ती खूण ओळखतो आणि मधल्या कुणीतरी आपल्याला फसवून खाली उतरवलं आहे हे जाणून थांबतो. आकड्यांच्या त्या गर्दीत एक सावधगिरीचा शब्द लपवून ठेवलेला आहे, आणि रोज कोट्यवधी यंत्रं तो आहे का हे पाहून पुढे जातात.

बदल इथे थांबलेला नाही. उद्याच्या क्वांटम कॉम्प्युटरपुढे डिफी-हेलमनचं गणित टिकणार नाही, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने किल्ली ठरवण्याची नवी रीत प्रसिद्ध केली, आणि ती ब्राउझरांमध्ये येऊही लागली आहे. डेटाबेसांपर्यंत ती पोहोचेल तेव्हा आजचे ड्रायव्हर जुने ठरतील. तेव्हा तुमचं दुकान असो, पतसंस्था असो की होमस्टे, प्रोग्राम बसवून देणाऱ्याला दोन गोष्टी आजच विचारा : आमचा ड्रायव्हर कोणत्या सालचा, आणि त्याला टीएलएस १.२ आणि १.३ येतं का? उत्तर तारखेसकट वहीत लिहून ठेवा. आणि हे काम चाकरमानी गणपतीला यायच्या आधी उरका.