डाव्या दिव्याची तहकीकात

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढू लागलो, पावसाळी धुके रस्त्यावर उतरले, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर माझ्या गाडीचा डावा हेडलाईट, पाच वाजता दप्तर आवरून उठणाऱ्या कारकुनाच्या निर्विकारपणे, मालवला. बटण बंद करून पुन्हा चालू केले, तो पेटला. दहा मिनिटांनी पुन्हा गेला. परतल्यावर झेनॉन दिव्यांचे बहुतेक मालक जे करतात तेच मीही केले. नाना पेठेत जाऊन बल्बांची नवी जोडी, खिशाला चांगलीच झळ पोचेल अशा किमतीला, खरेदी केली, मोठ्या हौसेने स्वहस्ते बसवली, आणि दुसऱ्याच संध्याकाळी डावा दिवा पूर्ववत विझला. निरपराध बल्बाला चौकशीवाचून बडतर्फ करून खऱ्या आरोपीला मी मोकळे सोडले होते.

या अन्यायाचे मूळ हॅलोजनच्या जुन्या संस्कारात आहे. हॅलोजनच्या बल्बात टंगस्टनची तार असते, ती तुटली की बल्ब उडाला, आणि तुटलेली तार डोळ्यांनी दिसत असल्यामुळे पंचनामा तिथल्या तिथे संपतो. झेनॉनच्या बल्बात तारच नसते. क्वार्ट्झच्या नळीच्या मध्यावर वाटाण्याएवढा फुगीर कोष, त्यात सुमारे चार मिलिमीटर अंतरावर समोरासमोर उभी टंगस्टनची दोन टोके, भोवती दाबाखाली कोंडलेला झेनॉन वायू, तळाशी सोडियम, स्कँडियम अशा धातूंच्या आयोडाइड क्षारांचे कण, आणि जुन्या वाणाच्या बल्बांत थोडासा पारा, एवढाच त्याचा संसार. त्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत पेटवावी लागते, आणि ती पेटवण्याचे काम गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे मध्ये बॅलास्ट नावाची एक ॲल्युमिनियमची डबी बसवलेली असते. प्रारंभीच्या क्षणी वीस हजार व्होल्टहूनही अधिक दाबाचा धक्का देऊन ज्योत पेटवायची, आणि ती स्थिरावली की सुमारे ८५ व्होल्टवर, पारा नसलेल्या बल्बांत ४२ व्होल्टवर, ३५ वॅटचा नेमून दिलेला शिधा तिला अखंड पुरवीत राहायचा, ही या डबीची दुहेरी कामगिरी. ५५ वॅटच्या हॅलोजनच्या जवळजवळ दुप्पट प्रकाश या ३५ वॅटांतून निघतो, यात या यंत्रणेची सारी प्रतिष्ठा आहे. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या ‘सेव्हन सिरीज’ गाडीत ती प्रथम आली, तेव्हा ती श्रीमंतीचे लक्षण मानली गेली याचे नवल नाही.

खुद्द झेनॉनचे काम मात्र नावाइतके मोठे नाही. रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लंडनमध्ये हा वायू हुडकला आणि ग्रीक भाषेतील ‘परका’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. हवेच्या एक कोटीहून अधिक भागांत त्याचा जेमतेम एक भाग सापडतो. दिव्यात तो प्रथम पेटतो, निळसर उजेड पाडतो, आणि त्याच्या उष्णतेने क्षारांची वाफ होऊन खरा प्रकाश सुरू झाला की मागे सरतो. दिवा लावल्यावर पहिले काही सेकंद त्याचा रंग बदलताना दिसतो तो यामुळे. पाहुण्याने चूल पेटवून द्यावी आणि स्वयंपाक घरच्यांनी करावा, असा हा प्रकार.

बल्ब, बॅलास्ट आणि त्याला वीज आणून देणारी वायरिंग अशा तिघांच्या संगनमताने हा दिवा चालतो, म्हणून तो विझला असता तिघांचेही जबाब घ्यावे लागतात. हे मला शिकवले ते आमच्या पेठेतील एका वृद्ध मिस्त्रींनी. नव्या बल्बांची खोकी पाहून ते म्हणाले, “साहेब, हे कशाला आणलंत? आधी इकडचा तिकडे लावून बघायचा.” दिवे बंद करून, किल्ली काढून, थोडा वेळ थांबून (वीस हजार व्होल्टशी चेष्टा करू नये, एवढी अक्कल मलाही होती), त्यांनी दोन्ही बल्बांची अदलाबदल केली. काचेला त्यांचे बोट लागले नाही. बोटाचे तेल क्वार्ट्झवर राहिले तर तेवढीच जागा अधिक तापून बल्बाचे आयुष्य घटते, हे ते पोटच्या पोराला सांगावे तसे मला सांगत होते. दोष बल्बाबरोबर उजवीकडे गेला असता तर बल्बाचा गुन्हा शाबीत झाला असता. तो डावीकडेच राहिला. मग बॅलास्टची अदलाबदल झाली. तरीही डावाच विझला.

बल्ब नेहमीच निर्दोष असतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याचे वार्धक्य आले की उजेड गुलाबी, जांभळट होऊ लागतो, ज्योत टिकवायला लागणारा दाब वाढत जातो, बॅलास्टला तो पेलेनासा होतो, आणि काही मिनिटे जळून दिवा विझतो. लक्षण हुबेहूब माझ्या गाडीचेच, म्हणूनच तर फसगत झाली. शिवाय एकच बल्ब बदलला तर नवा पिवळसर आणि जुना निळसर दिसून मालक दुकानदाराशी भांडायला निघतो, वास्तविक तो रंगभेद वयाचा असतो, आणि यास्तव जोडी एकदमच बदलणे श्रेयस्कर. दुकानातही जुन्या बल्बावरील अक्षरे वाचूनच खरेदी करावी: डी-१ च्या बुडाशी ठिणगी देणारा डबा जोडलेला असतो, डी-२ ला तो नसतो, डी-३ आणि डी-४ या त्यांच्या पारारहित आवृत्त्या, त्यांचा बॅलास्ट वेगळा, पुढचे ‘एस’ भिंगाच्या दिव्यासाठी, ‘आर’ परावर्तकाच्या दिव्यासाठी. बसवताना बल्बाची खाच नेमकी घरात बसली नाही तर उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडतो. माझा पहिल्या दिवशी पडला होता.

मूळच्या हॅलोजन हेडलाईटमध्ये झेनॉनचे संच कोंबून महामार्गावर समोरच्याला आंधळे करणाऱ्या महाभागांविषयी मी येथे सविस्तर लिहिणार नाही, कारण लिहिताना भाषा बिघडते. तारेसाठी घडवलेल्या परावर्तकात ज्योत बसवली की प्रकाश वाटेल तिकडे उधळतो, एवढेच नमूद करून पुढे जातो.

आता तिसऱ्याचा, म्हणजे वायरिंगचा, जबाब. मीटर लावून पाहता डाव्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडावर, पुरते बारा व्होल्ट दिसले, आणि मी निराश झालो. मिस्त्री झाले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक जुना हॅलोजन बल्ब काढला, त्याला दोन वायरी डाग देऊन जोडलेल्या होत्या, आणि त्या वायरी बॅलास्टकडे वीज आणणाऱ्या कपलरमध्ये खुपसल्या. म्हणजे बारा व्होल्टच्या बाजूला, उच्च दाबाच्या नव्हे. उजवीकडे तो बल्ब डोळे दिपतील असा पेटला. डावीकडे तोच बल्ब, तेल संपत आलेल्या कंदिलासारखा, तांबूस मिणमिणला. आता मीटरचा काटा नऊच्याही खाली उतरला होता. रिकाम्या हाताने बारा व्होल्टची ऐट मिरवणारी ती वायर, प्रत्यक्ष भार अंगावर पडताच तीनहून अधिक व्होल्ट वाटेतच गिळून टाकीत होती, आणि पेटताना नेहमीच्या कितीतरी पट करंट मागणाऱ्या बॅलास्टची उपासमार होत होती. ती वायर तापली की तिचे जोड अधिकच ढिले पडत, दाब आणखी घसरे, आणि बॅलास्ट आत्मरक्षणार्थ काम थांबवी. बटण बंद-चालू केले की थोडा निवलेला जोड पुन्हा दहा मिनिटे तग धरी.

“अर्थ गेलीय,” मिस्त्री म्हणाले. कपलर उघडले तर अर्थच्या पिनेवर, न कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढावा तसा, हिरवा कळंक. हेडलाईटच्या मागच्या झाकणाचे रबर जागेवरून सरकले होते. पावसाळ्यापूर्वी एका गॅरेजात पार्किंगचा बल्ब बदलला तेव्हा ते कोणी नीट बसवले नसावे, आणि दोन महिने पाणी तिथून निमूटपणे झिरपत होते. काचेच्या आत अधूनमधून धरणारे धुके मी पाहिले होते. पाहून, काचेवर बाहेरून फडके मारले होते.

पिना घासून झाल्या, अर्थची वायर बॉडीवर रंग खरवडून घट्ट आवळली गेली, रबर नवे आले. रात्री गाडी घरासमोरच्या भिंतीकडे तोंड करून अर्धा तास उभी केली. भिंतीवर दोन सारखे उजेड, दोन्हींच्या कडा एका रेषेत. जुनी जोडी आता कपाटात रुमालात गुंडाळून आहे. मिस्त्रींची पावती माझ्या दप्तरात आहे: “कपलर साफ, अर्थ टाईट, रबर १ नग.” बल्बांचा तिच्यात उल्लेखही नाही.