थेम्सकाठी तोडणी, गोदाकाठी छाटणी

स्लाऊहून विंडसरला जाणारी आगगाडी सहा मिनिटांत थेम्स ओलांडते. १८४९पासूनचा हा लोहमार्ग विंडसरजवळ विटांच्या कमानींवरून जातो. १९६९मध्ये टोनी लेथवेट या तरुणाने विंडसरच्या रेल्वे कमानीखालीच वाइनचा धंदा मांडला. फ्रान्समधल्या बोर्डोच्या शेतकऱ्यांकडून व्हॅन भरून माल आणायचा आणि थेट गिऱ्हाइकाला द्यायचा. पुढे २०११मध्ये त्यांनी राणीच्या विंडसर ग्रेट पार्कमध्ये द्राक्षवेली लावल्या. शार्दोने, पिनो न्वार, पिनो म्युनिए. तिन्ही जाती फसफसत्या वाइनच्या.

विंडसरला द्राक्ष नवं नव्हतं. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या काळातही इथे राजाचा मळा होता. पण त्याच हेन्रीचं ११५२मध्ये एलिनॉरशी लग्न झालं, तिच्याकडचा बोर्डोचा मुलूख हाती आला आणि तिकडची सरस वाइन जहाजांनी येऊ लागली. घरच्या आंबट द्राक्षांना मग कोण विचारणार?

आपल्या गोदावरीकाठी, नाशिकजवळच्या गंगापूर-गोवर्धन-सावरगाव पट्ट्यात गोष्ट उलटी आहे. पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाई उतारवयात गंगापुरात राहिल्या. त्या काळी इथे वाइनचं नाव नव्हतं. खाण्याच्या द्राक्षांनी नाशिक जिल्ह्यात जम बसवला तो विसाव्या शतकात. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर परतले, १९९७मध्ये त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली आणि २०००मध्ये त्यांच्या ‘सुला’ वाइनरीची पहिली वाइन आली. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुले यांनी वाइनची वाट पाडली होती. २००१च्या राज्याच्या धोरणाने वाइनऱ्यांना बळ मिळालं. आज गंगापूर धरणाच्या पाण्याकडे बघत लोक पेला हाती घेऊन बसतात. ते दृश्य देखणं आहेच.

मला मात्र त्याहून देखणी वाटते ती मळ्यातली मेहनत. दिवाळीचा सुमार म्हणजे विंडसरला तोडणी उरकलेली असते आणि नाशकात घडांसाठीची गोड छाटणी. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळ्यानंतर गोड छाटणी; वेल थंडीने झोपत नाही, म्हणून कात्रीने वर्ष आखायचं. घड जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. इंग्लंडात छाटणी एकदाच, ऐन हिवाळ्यात, पण एप्रिल-मेमधल्या एका गोठवणाऱ्या रात्रीत कोवळे कोंब जळतात. तिथले बागायतदार ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. निफाडला पारा उतरला की आमचे बागायतदार पहाटे शेकोट्या करतात. भुरी आणि डाउनी हे बुरशीचे रोग तर दोन्हीकडे ठाण मांडून.

खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षातला एक फरक मात्र बोचतो. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते बाजारात हातगाडीवर खपत नाही. २००८नंतर मागणी बसली, तेव्हा ज्यांनी वाइनरीच्या भरवशावर बागा लावल्या होत्या त्यांच्यातल्या अनेकांना त्या उपटाव्या लागल्या. थॉमसनसारखं खाण्याचं द्राक्ष पिकवणाऱ्याला दुसरा व्यापारी शोधता येतो, वाइनच्या बागेला गिऱ्हाईक एकच. मळा आणि तळघर एकाच मालकाचं असेल तर मंदी तो सोसतो; करारावर द्राक्ष घालणारा शेतकरी मात्र उघड्यावर पडतो. म्हणून नाशिकच्या वाइनचा विस्तार मोजताना किती नव्या वाइनऱ्या झाल्या यापेक्षा किती शेतकऱ्यांच्या हाती दीर्घ मुदतीचा, ठरल्या भावाचा करार आहे, हे आधी विचारायला हवं. बाटलीवर विंडसर ग्रेट पार्क असं मळ्याचं नाव छापलं जातं. गोवर्धन आणि सावरगाव ही नावंही तशी छापली जावीत, आणि त्यांच्या शेजारी बागायतदाराचंही.