केजच्या रस्त्यावरची मॉरिस

केजला रेल्वे नाही. मंत्री मुंबईहून निघो की आयुक्त औरंगाबादहून, शेवटचा पल्ला रस्त्यानेच गाठायचा: बीड सोडलं की मांजरसुंब्याचा घाट, मग नेकनूर, मग केज. या रस्त्याने पांढरी अँबॅसिडर आली की कुणाची ते विचारावं लागत नसे. टपावर दिवा असला तर सरकार, नसला तर साखर कारखान्याचा चेअरमन.

गंमत म्हणजे ही गाडी साहेबांसाठी बनलीच नव्हती. इंग्लंडात तिचं नाव मॉरिस ऑक्सफर्ड. कंपनीचा संस्थापक विल्यम मॉरिस ऑक्सफर्डात सायकली दुरुस्त करता करता मोटारींकडे वळला आणि शेजारच्या काउलीत त्याने कारखाना उभा केला. महायुद्धानंतर, १९४८ साली, ऑक्सफर्ड हे जुनं नाव नव्या गाडीला मिळालं. गिऱ्हाईक कोण, तर खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्ग, सुट्टीत पोराबाळांना घेऊन समुद्रावर जाणारा. १९५४मध्ये सीरिज टू आली, १९५६मध्ये सीरिज थ्री. ही तिसरी म्हणजेच आपली अँबॅसिडर.

मधल्या काळात, १९५२ साली, मॉरिस आणि ऑस्टिन हे हाडवैरी एका कंपनीत आले होते. म्हणून मॉरिसच्या अंगात ऑस्टिनचं १४८९ सीसीचं इंजिन बसलं. आपल्याकडे मात्र ते उशिरा पोचलं. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ साली गुजरातेत ओखा बंदरावर सुरू झाली, पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. तिथे आधी हिंदुस्तान टेन, मग लँडमास्टर आणि १९५७-५८च्या सुमारास अँबॅसिडर, अशा मॉरिसच्याच गाड्या एकामागून एक निघाल्या. पहिल्या अँबॅसिडरमध्ये जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. ऑस्टिनवालं १९५९मध्ये बसवलं गेलं. त्याच वर्षी इंग्लंडात ऑक्सफर्डचा साचा बदलला आणि जुनी गाडी मागे पडली. आपल्याकडे ती आणखी पंचावन्न वर्षं निघत राहिली.

ती टिकली कशी? लोक म्हणतात दणकट होती म्हणून. हे अर्धंच खरं. बाहेरून ट्रकची धाकटी बहीण वाटत असली तरी तिला ट्रकसारखी वेगळी चासी नव्हती. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलायचा, आणि त्या काळी हे आधुनिक काम होतं. स्टिअरिंग रॅक-पिनियनचं. पुढे स्प्रिंगऐवजी पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या, मागे पाटे. मराठवाड्यात पावसाळ्यानंतर काळ्या मातीत रस्ता जिथे खचतो तिथे हे पाटे कामाला येत. पुढची सीट सलग बाकासारखी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघं आरामात, तिसरा कार्यकर्ता जरा अवघडून. निवडणुकीत या बाकाचं मोल कळायचं.

खरी परीक्षा मे महिन्यात. घाट चढताना इंजिन तापायचं, त्याला लागूनचा पेट्रोल खेचणारा पंप तापायचा, नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी आचके देत बंद पडायची. ड्रायव्हर शांतपणे उतरायचा, बोनेट उघडायचा, फडकं पाण्यात पिळून पंपावर टाकायचा आणि विडी पेटवायचा. विडी संपेपर्यंत पंप गार. तेवढ्यात साहेब बाभळीच्या सावलीला उभे राहून फायली चाळायचे. ठिणगी मिळेना तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट काचपेपरने घासायचे, बस. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला पान्यांच्या एका संचावर ही गाडी उलगडता यायची. इतकी वर्षं आतलं फारसं काही बदललं नाही, त्यामुळे बापाने शिकलेलं काम मुलालाही पुरलं. मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर झाले. जाळी बदलली, दिवे बदलले, सांगाडा तोच.

पण उरलेलं अर्धं उत्तर लायसन्स राजचं आहे आणि ते गोड नाही. मोटार किती काढायची हे दिल्ली ठरवत होती, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत होतं. मग सुधारणेची घाई कुणाला? दारं नीट लागत नाहीत, पावसात पाय भिजतात, या तक्रारी ऐकायला प्रतिस्पर्धी हवा. होता तो एकच मोठा, आणि तो आपल्या बाजूचा: सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात तिने आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, पुढे इटलीची फियाट काढली, जी १९७०च्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट उचलली, कलकत्त्याने अँबॅसिडर. सरकारी खरेदी मात्र प्रामुख्याने अँबॅसिडरची, महाराष्ट्रातसुद्धा! पाठीमागे ऐसपैस जागा, उंच छत. पागोटं, फेटा, गांधी टोपी न काढता बसता येई. माझ्या मते सरकारी पसंतीत या छताचा वाटा इंजिनाइतकाच असावा.

१९८०च्या सुमारास डिझेल अँबॅसिडर आली आणि गाडी साहेबांच्या हातून थोडी सुटली. तिला वेग नव्हता, घाटात ती रडायची, पण डिझेल स्वस्त. भाड्याच्या धंद्याला ती परवडली. तुळजापूरचं दर्शन, लातूरचा दवाखाना, नवरदेवाची वरात, सगळं तिच्यातून होऊ लागलं. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली आणि शहरी मध्यमवर्ग, म्हणजे ऑक्सफर्डचं मूळ गिऱ्हाईक, तिकडे वळला. अँबॅसिडरला उरले सरकार आणि टॅक्सी. १९९०च्या दशकात इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले. गाडी पहिल्यांदाच चपळ झाली, तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं. वाजपेयींच्या काळात दिल्लीत पंतप्रधानांचा ताफा बीएमडब्ल्यूवर गेला. तालुक्याला येणाऱ्या साहेबांनी स्कॉर्पिओ आणि इनोव्हा धरल्या, ज्यांत एसी होता आणि घाटात पंपावर फडकं टाकावं लागत नव्हतं.

१९८०च्या दशकाच्या मध्याला वर्षाला चोवीस हजारांच्या आसपास खपणारी गाडी शेवटच्या वर्षी सुमारे २,२०० खपली. मे २०१४मध्ये उत्तरपाड्याच्या फाटकावर काम थांबवल्याची नोटीस लागली. २०१७मध्ये नाव तेवढं फ्रान्सच्या पूजोने ८० कोटी रुपयांना विकत घेतलं. त्याच वर्षी १ मेपासून मंत्र्यांच्या टपावरचे लाल दिवेही उतरले.